जे आपल्याला उचलता येईल, तेच अंथरावे

दिवाळी जवळ आली की घरोघरी एक विषय निघतोच : बैठकीच्या खोलीत यंदा खाली काय घालायचे? भिंतींना नवा रंग, फरशी गुळगुळीत, सोफासेट आलेला. मग जुनी पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी डोळ्यांना खुपू लागते. आमच्याकडे ह्यांच्या मनात भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवायचा गालिचा होता. दुकानात त्याला 'बर्बर' म्हणतात. मी म्हटलं, आधी नीट पाहू या, मग ठरवू.

बर्बर हे उत्तर आफ्रिकेतले लोक. मोरोक्कोच्या अ‍ॅटलास पर्वतात हिवाळ्यात बर्फ पडते. तिथल्या बायका मेंढीच्या लोकरीचे जाड गालिचे हातमागावर विणतात. दुकानातल्या गालिचाने त्यांचे फक्त नाव घेतले आहे. टर्किश टॉवेलला असतात तशी बारीक वेटोळी त्याच्यावर असतात आणि बहुधा ती नायलॉनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात, क्वचित लोकरीची.

ज्यांना असा गालिचा घ्यायचाच आहे, त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, नमुन्याचा तुकडा बाहेरच्या बाजूने वाकवून पाहावा. वेटोळ्यांमधून खालचे कापड लगेच दिसले तर वीण विरळ समजावी. असा गालिचा लवकर दबतो. दुसरी, त्याचा एक धागा मागून घ्यावा आणि घरी चिमट्यात धरून मोरीत जाळून पाहावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची टणक गोळी होते. पॉलिप्रॉपिलीनला पाणी शोषले जात नाही, म्हणून चहाचे डाग लवकर निघतात. पण तेलकटपणा ते घट्ट धरून ठेवते. आपल्या घरात फोडणी आहे, केसांना तेल आहे, हे विसरून चालणार नाही. वेटोळे कशात अडकून वर आले तर ओढायचे नाही, नाहीतर ओळच्या ओळ उसवत जाते. कात्रीने बाकीच्यांच्या बरोबरीने कापायचे.

इतके कळल्यावरही माझे मन होईना. नाशिकला जून ते सप्टेंबर हवा दमट. दारातून ओल्या चपला येणार, खिडकीतून झड येणार. चिकटवलेल्या गालिच्याखाली ओल शिरली तर ती बाहेर निघणार कशी? वरून काही दिसत नाही आणि खाली बुरशी धरते. शिवाय सासूबाईंना दम्याचा त्रास. वेटोळ्यांत धूळ बसते आणि त्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे होतात. दम्याच्या माणसाला तेच बाधतात. हे म्हणाले, "व्हॅक्यूम क्लीनर घेऊ की." मी एवढंच विचारलं, "तो रोज फिरवणार कोण?" सकाळी मला शाळा, दुपारी स्वयंपाकघराची आवराआवर. पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी आणलेली वस्तू शेवटी बाईच्या कमरेवर येते, हे दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

खरं सांगायचं तर आपल्याकडच्या जुन्या वस्तू हा विचार करूनच झाल्या आहेत. सतरंजी सुती, दोन्ही बाजूंनी वापरता येते, धुता येते आणि दोघांनी धरून झटकता येते. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचा जमखाना तर बायकाच विणतात. त्यावरचे मोर आणि चौकटी पाहिल्या की सतरंजी दिवाणखान्यात शोभत नाही असे कोण म्हणेल? थंडीला धनगरी घोंगडी आहेच. काळ्या-पांढऱ्या मेंढीची नैसर्गिक रंगाची लोकर, ताण्याला चिंचोक्याची खळ. निफाडकडे पारा उतरतो तेव्हा फरशीवर तिच्याइतके उबदार दुसरे काही नाही.

शेवटी आम्ही दोन मोठ्या सतरंज्या घेतल्या. एक खाली, एक धुवून घडी घातलेली. दर रविवारी झटकायच्या वेळी दोन टोके ह्यांच्या हातात असतात, ही अट मात्र मी आधीच घातली होती.

आता थोडे निगेविषयी.

चहा किंवा दूध सांडले तर चोळू नये. कोरड्या फडक्याने टिपावे, मग गार पाण्याने. चोळल्याने डाग पसरतो आणि आत जातो.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला सतरंजीवर हळद सांडायचीच. साबण लावल्यावर डाग लाल झाला तर घाबरू नका. साबणातल्या क्षारामुळे तसे होते. भरपूर पाण्याने खळबळून उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन उन्हांत फिका पडतो.

घोंगडीला धुण्याचा सोडा किंवा ब्लीचिंग पावडर कधीही लावू नये, लोकर खराब होते. रिठ्याचे गार पाणी उत्तम. पिळू नये, सावलीत आडवी वाळवावी.

कसर लोकर खाते, सुताला सहसा धक्का लावत नाही. मळलेली लोकर तिला अधिक आवडते. म्हणून घोंगडी ठेवण्याआधी ऊन दाखवून ब्रशाने झाडावी, स्वच्छ सुती कापडात बांधावी, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. डांबरगोळ्या ठेवल्यास मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत, त्या विषारी असतात.

आणि दुकानात गेलात की रंग-नक्षीच्या आधी एक प्रश्न विचारा, "हे धुवायचं कसं?" उत्तर "मशीनवाल्याला बोलवा" असे आले, तर त्याचा वर्षाचा खर्च किमतीत मिळवा आणि मगच पिशवीतले पैसे बाहेर काढा.