उलटा हात

अण्णा बंद दार कधी सरळ उघडत नाहीत. आधी उजवा हात उलटा करून दाराला हलकेच टेकवतात, क्षणभर थांबतात, मग कडीला हात घालतात. दार न्हाणीचं असो की लग्नाच्या हॉलचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असं करतात. पुढे एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "पलीकडे आग असली की दार आधी सांगतं. पण तळहात भाजला तर ब्रांच कशानं धरायची?"

ब्रांच म्हणजे होजच्या तोंडाची नळी. पाणी सुटलं की ती अंगावर उलटते. अण्णांनी ती कित्येक वर्षं धरली. त्यांच्या तळहाताच्या मधोमध एक गुळगुळीत, कडक पट्टा आहे. मी शाळेत जाताना तो माझ्या मनगटाला लागायचा.

आम्ही भायखळ्याच्या फायर ब्रिगेडच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. वर्दी आली की खाली घंटा व्हायची आणि ताटावरची माणसं उठायची. घास तसाच राहायचा. आई त्या ताटावर दुसरं ताट उपडं घालून ठेवायची. बंब परत आल्यावर पोरं गॅलरीतून आधी माणसं मोजायची, मग खेळायला जायची. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

अण्णा फायरमनचे लीडिंग फायरमन झाले तेव्हा आईनं पेढे वाटले. दुय्यम अधिकारी झाले तेव्हाही वाटले, पण त्या रात्री देवीला नवसही बोलली. मला उमगायला वेळ लागला. माझ्या मैत्रिणींच्या वडिलांना बढती मिळाली की त्यांना खुर्ची मिळे, पंखा मिळे, उन्हातली कामं सुटत. अण्णांची बढती त्यांना आगीच्या आणखी जवळ नेत होती. आत काय जळतंय, जिना किती वेळ धरेल, पोरांना पाठवायचं की थांबवायचं, हे बाहेर उभं राहून कळत नाही. त्यासाठी अधिकाऱ्याला आधी आत जावं लागतं, आणि सगळे बाहेर आल्याशिवाय त्याला निघता येत नाही. आग वाढत गेली की वरचा अधिकारी येतो, त्याहून वाढली की त्याच्याही वरचा. मुंबईत हे असंच चालत आलंय.

दर 14 एप्रिलला आम्हा पोरांना आंघोळी घालून स्मारकाच्या कार्यक्रमाला नेत. 1944 साली त्याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीवर आग लागली. बोटीत कापूस आणि दारूगोळा शेजारी शेजारी होता. ब्रिगेडची माणसं पाणी मारत असतानाच स्फोट झाला, आणि त्यातली 66 माणसं गेली. प्रमुख नॉर्मन कूम्ब्स तेव्हा कचेरीत नव्हते, गोदीतच होते. ते वाचले. अण्णा हा शेवट दरवेळी सांगायचे, आणि मग बराच वेळ गप्प राहायचे. आपली माणसं गेल्यावर वाचलेल्या साहेबाच्या रात्री कशा गेल्या असतील, याचा विचार मी आता करते.

9 मे 2015. काळबादेवीतल्या गोकुळ निवासला आग लागली. जुनी, लाकूडकामाची इमारत. अण्णा तेव्हा निवृत्त होऊन उपनगरात राहायला आले होते. टीव्हीवर धूर दिसला तसे उभे राहिले, ते उभेच. इमारत कोसळली, संजय राणे आणि महेंद्र देसाई ढिगाऱ्याखाली गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि प्रमुख सुनील नेसरीकर भयंकर भाजले. मे सरायच्या आत दोघेही गेले. चौघेही अधिकारी. अख्ख्या शहराच्या ब्रिगेडचा प्रमुख, ज्याला वायरलेसवरून हुकूम देता आला असता, तो त्या गल्लीत, त्या भिंतींच्या आवाक्यात उभा होता. मला याचा अभिमान वाटतो आणि राग येतो, दोन्ही एकदम. अशा जुन्या इमारतींची काळजी आग लागायच्या आधी कुणी घेतली असती तर? अण्णांशी मी हा वाद घातला नाही.

प्रमुख गेल्याची बातमी कळली त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत. आईनं ताटावर ताट उपडं घातलं. ते जिना चढून गच्चीकडे गेले, म्हणून मी मागोमाग गेले. गच्चीचं लोखंडी दार बंद होतं, दिवसभराच्या मे महिन्याच्या उन्हानं तापलेलं. अण्णांनी सवयीनं उलटा हात त्यावर टेकवला. दार गरम होतं. त्यांनी हात काढला नाही, कडीही उघडली नाही. तसेच उभे राहिले.