गाडीचा नंबर काय सांगतो?

ब्राह्मणपुरीत रेल्वेची शिट्टी ऐकू येत नाही. शहादा तालुक्यातल्या या गावाला रेल्वे नाही, आणि खुद्द शहाद्यालाही नाही. गाडी गाठायची तर आधी शहाद्याला यायचे. तिथून प्रकाशाच्या पुलावरून तापी ओलांडून नंदुरबार गाठायचे, नाही तर सारंगखेड्याच्या पुलावरून दोंडाईचा. तरीही इथल्या घरांचा रेल्वेशी नेहमीचा संबंध आहे. कुणाची लेक सुरतेला दिलेली, कुणाचा मुलगा तिथे कामाला, कुणाला दवाखान्यासाठी मुंबई गाठायची. एवढी वाट तुडवून गेल्यावर गाडी चुकली तर दिवस गेला, आणि भलत्या गाडीत बसलो तर पैसाही गेला.

म्हणून आम्ही गाडीच्या नावापेक्षा तिच्या नंबराकडे आधी बघतो. नावे सारखी वाटतात, फलकावरची अक्षरे घाईत वाचता येत नाहीत. नंबराचे तसे नाही. हे पाच आकडे मनाला येतील तसे दिलेले नसतात. २० डिसेंबर २०१० पासून देशभर गाड्यांना पाच आकडी नंबर आले. त्याआधी ते चार आकडी होते. नंदुरबारवरून जाणारी अहमदाबाद-चेन्नई नवजीवन एक्सप्रेस पूर्वी २६५५ होती, ती १२६५५ झाली.

पहिला आकडा गाडीची जात सांगतो. १ किंवा २ असेल तर लांब पल्ल्याची मेल-एक्सप्रेस. ५ म्हणजे साधी पॅसेंजर, ६ म्हणजे मेमू, ७ म्हणजे डेमू. मुंबईच्या लोकलचा नंबर ९ ने सुरू होतो. पहिला आकडा ० असेल तर ती विशेष गाडी. ईद-दिवाळीच्या किंवा उन्हाळी सुट्टीच्या गर्दीसाठी अशा गाड्या सोडतात. त्यांना पुष्कळदा जादा भाडे लागते, म्हणून शून्य दिसले की भाडे आधी विचारून घ्यावे.

दुसरा आकडा गाडी कोणत्या रेल्वेची ते सांगतो. सुरत ते छपरा जाणारी ताप्ती गंगा एक्सप्रेस १९०४५, मुंबईहून भुसावळला येणारी खानदेश एक्सप्रेस १९००३. दोन्हींत दुसरा आकडा ९, म्हणजे पश्चिम रेल्वे. मध्य रेल्वेसाठी १ आहे. दुसऱ्या जागी २ आला, तर ती सुपरफास्ट, आणि मग मालक तिसऱ्या आकड्यात शोधायचा. १२६५५ मध्ये तिसरा ६ आहे, म्हणजे नवजीवन दक्षिण रेल्वेची. अहमदाबादहून हावड्याला जाणाऱ्या १२८३३ मध्ये तिथे ८ आहे, म्हणजे ती दक्षिण पूर्व रेल्वेची. २० ने सुरू होणाऱ्या गाड्याही आता सुपरफास्ट असतात.

नंदुरबारचा फलाट पश्चिम रेल्वेचा, पण तिथे थांबणारी गाडी चेन्नईकडची किंवा कोलकात्याकडची असू शकते. गाडी कुणाच्या ताब्यात आहे हे नंबर सांगतो, ती कुठे निघाली आहे हे सांगत नाही. इंग्लंडमध्ये याच्या उलट रीत आहे. तिथे गाडीच्या खुणेत आधी एक आकडा, मग एक रोमन अक्षर आणि शेवटी दोन आकडे असतात. पहिला १ असेल तर जलद गाडी, २ असेल तर थांबत जाणारी. मधले अक्षर बहुधा ती कुठे निघाली किंवा कोणत्या मार्गाची आहे ते दाखवते. स्कॉटलंडकडे जाणाऱ्या गाड्यांना ‘एस’ हे अक्षर मिळते. ही खूण पूर्वी इंजिनाच्या कपाळावर दिसत असे. आता ती मुख्यतः सिग्नल सांभाळणाऱ्यांच्या कामाची आहे. तिथला प्रवासी वेळ आणि ठिकाण पाहून गाडी धरतो. आपल्याकडे मात्र नंबर तिकिटावर छापलेला असतो, फलकावर लागतो आणि भोंग्यावरून एकेक आकडा करून पुकारला जातो.

जाण्याचा नंबर आणि येण्याचा नंबर यांची जोडी असते. सुरतेहून निघणारी ताप्ती गंगा १९०४५, छपऱ्याहून परतणारी १९०४६. एका आकड्याच्या फरकाने दिशा बदलते, म्हणून दोन्ही नंबर लिहून ठेवावेत.

यात पैशाचाही प्रश्न आहे. सुपरफास्टला दुसऱ्या वर्गात १५ रुपये आणि स्लीपरला ३० रुपये अधिभार लागतो. साधे तिकीट घेऊन सुपरफास्टमध्ये चढलेल्याला तपासनिसापुढे जादा पैसे मोजावे लागतात, आणि रोजंदारीवरच्या माणसाला ते जड जातात. कोरोनाच्या काळात तर बहुतेक गाड्यांच्या नंबरापुढे शून्य लागले. नवजीवन तेव्हा ०२६५५ होती. साध्या पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचे भाडे लागू झाले आणि कमीत कमी तिकीट १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मेल-एक्सप्रेसचे जुने नंबर परत आले, पण पॅसेंजरचे १० रुपयांचे तिकीट परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. दोंडाईच्याहून पुढच्या गावी जाणाऱ्या मजुराला हा फरक एका वेळच्या जेवणाएवढा होता.

आमच्या घरांत अजून अशा नानी-दादी आहेत, ज्यांना अक्षर ओळखता येत नाही. पण नोटा आणि मोबाईल यांनी त्यांना आकडे शिकवले आहेत. त्यांच्या हाती चिठ्ठी द्यावी, त्यावर मोठ्या अक्षरांत जाण्याचा आणि येण्याचा नंबर लिहावा, आणि निघण्याआधी घरातल्या मुलाने तो एकेक आकडा करून दोनदा म्हणून घ्यावा. मग फलाटावर कुणा अनोळखी माणसाच्या ‘हीच गाडी, बसा’ यावर विसंबून चढायची वेळ येत नाही. तिकिटावरचा आणि डब्यावरचा आकडा जुळतो का, हे त्या स्वतःच पाहतात.