यंत्राचे विराम

संगणक 'स्लो' झाला ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आणि केली आहे की तिला आता हवापाण्याच्या गप्पांची पायरी आली आहे. म्हणूनच दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझा लॅपटॉप रेंगाळू लागला, तेव्हा त्याचे निदान मी न तपासताच करून टाकले : वय झाले. 2016 साली घेतलेले यंत्र, आणखी किती चालणार?

काम मात्र टाकून देण्याजोगे नव्हते. आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या मी 2009 साली एका छोट्या रेकॉर्डरवर टिपून ठेवल्या होत्या. सुमारे सात तास. 2013 साली ती गेली. हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या सागरापुढे माझी ओंजळ ती काय! पण ती कागदावर उतरवणारे दुसरे कोणी नव्हते.

पद्धत अशी, की ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने वाजवायचे, खरखर त्याच वेळी गाळत राहायची आणि ऐकत ऐकत टंकत जायचे. आवाज मध्येच तुटे. शब्दाच्या पोटात तुटला तर दोष यंत्राचा, हे उघड होते. पण पुष्कळदा तो पहिली ओळ घोळवून झाल्यावर, दुसरी उचलण्याआधी थांबे. तेथे मी तीन टिंबे देत गेलो. अशा जागा एक्केचाळीस भरल्या आणि माझ्यातला समीक्षक जागा झाला. आई ओव्या आठवत नव्हती, ती त्या तेथल्या तेथे रचत होती. हा विराम म्हणजे रचनेचा क्षण, असा सिद्धान्त मी मांडला. त्यावर एका चर्चासत्रासाठी निबंधही लिहून टाकला. (तो वाचताना टाळ्या पडल्या, हे येथे नोंदवतो, पुढे लागणार आहे.)

दरम्यान दुरुस्तीचे घरगुती प्रयोग चालूच होते. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद केले, ब्राउझरची तीसएक पाने मिटली, चार जीबीची रॅम आठ केली. टास्क मॅनेजर उघडला तर एका नावापुढे पंच्याण्णवचा आकडा. हाच तो खादाड, म्हणून त्याला संपवायला निघालो. प्रोसेसर रिकामा आहे एवढीच ती नोंद होती, हे नंतर कळले. ध्वनीचा प्रोग्राम चालू केला की मात्र खरोखरच शंभर टक्के दिसे आणि माझे निदान पक्के होई.

शेवटी साताऱ्यातच पोवई नाक्याजवळ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडे यंत्र नेले. बी.ए.ला तो माझ्या वर्गात होता, आणि बहुधा कंटाळलेला. त्याने तोच टास्क मॅनेजर उघडला, पण बोट दुसरीकडे ठेवले. "सर, हा शंभरचा आकडा सगळे वाचतात. त्याखालचा वेग वाचा." मूळ वेग 2.4 गिगाहर्ट्झ लिहिलेला होता. प्रत्यक्ष चालू होता 0.79. तापमान मोजले तर 98 अंश. "म्हातारा नाही झाला हो. तापलाय. जळू नये म्हणून स्वतःच हळू चालतोय."

म्हणजे शंभर टक्के होते, पण ते एका तृतीयांश शक्तीचे. एवढा साधा संदर्भ मी वाचला नव्हता. आणि संदर्भ सोडून वाचू नका, हे वर्गात सांगण्याचा पगार घेतो!

त्याने मागचे झाकण उघडले. पंखा आणि उष्णता बाहेर टाकणारी तांब्याची जाळी यांच्यामध्ये धुळीचा चक्क नमदा बसला होता. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून त्याने तो ब्रशने आणि हवेच्या झोताने काढला. मग प्रोसेसरवरची धातूची पट्टी उचलली. चिप आणि पट्टी यांच्या पृष्ठभागांवर डोळ्यांना न दिसणारे खळगे असतात. त्यांत हवा राहिली तर उष्णता पुढे सरकत नाही, म्हणून मध्ये एक लेप लावलेला असतो. तो वाळून खडूसारखा झाला होता. जुना लेप पुसून त्याने तांदळाच्या दाण्याएवढा नवा लावला आणि पट्टी परत बसवली. अर्ध्या तासाचे काम. तेच ध्वनिमुद्रण लावले तर तापमान 68 वर स्थिरावले. पैसे घेईना, मी दिले.

घरी येऊन पहिली टिंबे असलेली जागा ऐकली. आई थांबत नव्हती. पहिली ओळ संपता संपता दुसरी उचलत होती, श्वास घेतल्याचेही कळत नव्हते. दुसरी जागा, तिसरी जागा, तेच. पाठचिकित्सा शिकवताना आपण सांगतो की एकाच प्रतीवर विसंबू नये. मला दुसरी प्रतही शोधायची नव्हती. तीच जागा पुन्हा एकदा ऐकली असती तर विराम हलल्याचे दिसले असते. ऐकली नाही, कारण यंत्र हळू होते. आणि खरे सांगायचे तर तो विराम मला आवडला होता.

एक्केचाळिसांपैकी एकोणतीस विराम प्रोसेसरचे निघाले. निबंध मागे घेत असल्याचे संयोजकांना कळवले. त्यांनी 'हरकत नाही' असे उत्तर पाठवले, ते जरा लागले.

उरलेले बारा आईचे आहेत. काही ठिकाणी खोकला आहे, एके ठिकाणी बाहेर कोणी हाक मारते. सर्वांत मोठा अकरा सेकंदांचा. याच्यावर मी निबंधात दीड पान खर्चले होते. पूर्वी लॅपटॉपचा पंखा इतका घोंघावत असे की त्याखाली काही ऐकू येत नसे. आता तेथे आईचा दबका आवाज येतो : "चालू हाय न्हवं रं ते?"

मी मान हलवली असणार. ध्वनिमुद्रणात उत्तर नाही. ती पुढची ओवी धरते.