सगळ्यांची शाळा

लातूर असो की नांदेड, शहर संपून तुरीची रानं सुरू व्हायच्या बेताला जिल्हा परिषदेची एखादी शाळा लागतेच. पत्र्याच्या चार खोल्या, झेंड्याचा कट्टा, एक हापसा आणि लिंबाचं झाड. रानांचे प्लॉट पडत गेले, घरं शाळेच्या भिंतीला येऊन भिडली. पण मंगल कार्यालय, दवाखाना, सभागृह यांतलं काही त्यांच्यामागून आलं नाही. ती सगळी कामं शाळेनंच अंगावर घेतली.

आषाढ जवळ आला की पंढरपूरला निघालेली दिंडी वर्गात पथाऱ्या पसरते. लग्नसराईत जानवसा तिथंच, पोलिओचा डोस तिथंच. झेंडावंदनाला सगळी वस्ती जमते. बाकीच्या महाराष्ट्रातली पोरं 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला झेंडा बघतात. आमच्याकडं 17 सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिनही असतो. त्या दिवशी एखादं म्हातारं माणूस रझाकारांच्या गोष्टी सांगतं आणि पोरांचं लक्ष खाऊच्या पुड्याकडं असतं.

अडचणीत तर शाळाच आठवते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. गणपती बोळवून दमून निजलेली माणसं स्वतःच्याच घरांच्या दगडमातीखाली गेली. पुढं कित्येक दिवस माळवदाखाली पाठ टेकायची कुणाची छाती होईना. उन्हाळ्यात पोरांना भाजून काढणारा शाळेचा पत्रा तेव्हा भरवशाचा वाटू लागला. 2020 मध्ये पुण्या-मुंबईहून परतलेल्यांना गावानं उंबऱ्याबाहेर ठेवलं, तेव्हाही दार उघडलं ते शाळेनंच.

निवडणुकीचं तर विचारूच नका. 2024 मध्ये नांदेडात 26 एप्रिलला लोकसभा झाली आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेसोबत लोकसभेची पोटनिवडणूकही. दर खेपेला बाकं बाहेर, यंत्रं आत. दुसऱ्या दिवशी पोरं खराटा घेऊन भिडतात. भिंतीवर डकवलेला कागद मात्र कुणी काढत नाही. मग पहिलीतलं एखादं पोरगं त्यावर बोट ठेवून वाचतं, ‘म... त... दा... न’. ‘केंद्र’पाशी अडतं, बाईंकडं बघतं. लग्नाच्या अक्षता बाकाच्या फटीत महिनोन्‌महिने अडकून असतात. गणिताचा तास लांबला की त्या पेन्सिलीच्या टोकानं उकरून काढण्याचा उद्योग चालतो.

एवढी सगळ्यांची असलेली ही शाळा पटावर मात्र थोड्यांचीच उरली आहे. सकाळी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसा तिच्या फाटकावरून जातात. दहावी-बारावीच्या ‘लातूर पॅटर्न’चं कौतुक राज्यभर झालं, अ-आ-इ कुठं गिरवलं, हे कोण विचारतो? खोलीची किल्ली मागताना ‘आपलीच शाळा आहे’ म्हणणारा माणूस पोराचं नाव घालताना ‘ती झेडपीची’ म्हणतो.

जूनमध्ये बाई आणि गुरुजी पट भरायला दारोदार हिंडतात. ज्या घराचं वऱ्हाड मेमध्ये त्यांच्या वर्गात उतरलं होतं, तिथंही जातात. खुर्ची मिळते, चहा मिळतो. पोरगं मिळत नाही.