तांबडा दिवा

गेल्या दिवाळीत सारे कोरेगाव दिवे लावण्यात गुंतले होते, आणि मी एक दिवा विझविण्याच्या खटपटीत! माझ्या जुन्या विलायती मोटारीच्या डॅशबोर्डवरचा ब्रेकचा तांबडा दिवा काही केल्या विझेना. हातब्रेक पुरता सोडलेला. मिस्त्रीने डबीत ब्रेक ऑइल भरले, दिवा विझला. आठ दिवसांत पुन्हा हजर.

"गुरुजी, बल्बच काढून टाकू का?" मिस्त्री म्हणाला.

मी मान हलविणार, तोच आई म्हणाली, "अरं, वर्गात पोरगं सारखं बोट वर करतंय, तर आधी काय म्हणतंय ते इचार की!"

मी ओशाळलो. डबीतले ऑइल उतरले की दिवा लागतो. पण ऑइल जाते कुठे? मागचे चाक उतरविले. ब्रेकच्या सिलिंडरचे रबर झिजून आत सारे ओले झालेले! भाऊबीजेला आईला घेऊन पाचगणीला जायचे होते. परतताना पसरणीच्या उतारावर काय झाले असते?

नवे रबर बसविले, ब्रेकमधली हवा काढली. आता किल्ली फिरविताच दिवा क्षणभर पेटतो, मग विझतो. तो पेटलेला पाहिल्यावाचून मी गाडी हलवीत नाही.