बासनातला फोन

माझी मुलगी फोनला कव्हर लावत नाही. आमच्या घराण्याचा इतिहास पाहता ही बंडखोरीच म्हणायची. आमच्याकडे आलेली वस्तू आधी झाकली जाई, मग वापरली जाई. आजोबांची गुरुचरित्राची पोथी तांबड्या बासनात. आईच्या शिलाई मशीनला लाकडी झाकण, झाकणावर क्रोशाचा रुमाल, आणि रुमाल मळू नये म्हणून त्यावर वर्तमानपत्र. रेशनकार्ड, पासबुक, वडिलांचा एसटीचा पास, सगळे प्लॅस्टिकच्या कपड्यांत. उघडी फिरायची ती फक्त आम्ही मुलं.

मला झाकायची दीक्षा मिळाली ती सांगलीत, जूनमध्ये. शाळा सुरू होण्याआधीचा रविवार पुस्तकांना कव्हरं घालण्याचा. खाकी कागद विकत आणावा लागे, म्हणून तो गणित आणि इंग्रजीच्या वाट्याला. बाकीच्यांना दुकानदारांकडून आलेल्या कॅलेंडरांची पानं, कोरी बाजू बाहेर करून. शेजारच्या काकांकडे ‘सोव्हिएत लँड’ हे नियतकालिक यायचं. त्याचा कागद इतका गुळगुळीत आणि जाड, की ती पानं मिळवण्यासाठी भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर वर्षभर एक ट्रॅक्टर चालवणारी हसरी बाई होती. त्या देशाबद्दल भूगोलाने जेवढं शिकवलं त्याहून जास्त तिनेच शिकवलं असेल.

वडील कव्हर घालताना डिंकाला हात लावू देत नसत. कागद चारही बाजूंनी तीन बोटं जास्त ठेवायचा, कण्याशी वर-खाली दोन छेद द्यायचे, मधली पट्टी आत ढकलायची, कोपरे तिरके दुमडायचे. डिंक का नाही? एक तर डिंकाला झुरळं लागतात, आणि दुसरं म्हणजे एप्रिलमध्ये कव्हर काढायचं असतं. बालभारतीचं ते पुस्तक खरं तर आमचं नसेच. ते आम्हाला वरच्या वर्गातल्या कुणाकडून निम्म्या किमतीत आलेलं असे आणि परीक्षा झाली की खालच्या वर्गातल्या कुणाकडे जाणार असे. कव्हर होतं ते त्या पुढच्या मुलासाठी. शिसपेन्सिलीशिवाय खूण करायची नाही, पान दुमडायचं नाही, सगळं त्याच्यासाठी. अभ्यासक्रम बदलला की मात्र ही साखळी तुटायची. मग कव्हराखालचं कोरं करकरीत पुस्तक आणि पानं सुटलेलं पुस्तक, दोन्ही रद्दीवाल्याच्या तराजूत एकाच भावाने. वडील त्या वर्षी शिक्षणखात्यावर फार चिडलेले असत.

बासनालाही हाच न्याय. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे गठ्ठे कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, हजारोंनी. ज्या कारकुनांनी ते बांधले त्यांना ते उघडणारा इतिहाससंशोधक ठाऊक नव्हता. पण कुणीतरी उघडील याची खात्री होती.

माझ्या आठवणीतलं सगळ्यात देखणं कव्हर ट्रान्झिस्टरचं. तपकिरी चामड्याचं, पाठीमागे टिचबटणं, वर खांद्याचा पट्टा. स्पीकर असेल तिथे बारीक भोकांची जाळी, बटणांपुरत्या चकत्या कापलेल्या, तबकडीपुढे खिडकी. यंत्र बनवणाऱ्यानेच विचार करून शिवलेलं, त्यामुळे कव्हर काढावं असं कधी मनातच आलं नाही. बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन आम्ही त्या चामड्याच्या भोकांतूनच ऐकलं. पट्टा उसवला तेव्हा वडिलांनी तो गावभागातल्या चांभाराकडून शिवून आणला, पट्टा पुन्हा तुटला, पुन्हा शिवला. रेडिओला मात्र ओरखडा नाही.

पुढे घरात टीव्ही आला, तोही लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा. बातम्या संपल्या की दारं बंद. फ्रिज आला तेव्हा त्याच्या डोक्यावर खिशांचं कापड आणि मुठीला झालरीचा मोजा. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून. आवाज वाढवायला बटण इतकं दाबावं लागे की चॅनेलच बदले. या काळातल्या कव्हरांबद्दल मला फारसं प्रेम नाही. तोवर पुढचा मुलगा गोष्टीतून निघून गेला होता. रिमोट कुणाला देणार होतो आम्ही?

मोबाइल आला आणि काही वर्षं मी या सगळ्यातून सुटलो. नोकियाचा ३३१० हा २००० सालचा फोन, नंतर २००३ सालचा ११००. त्यांची बाहेरची बॉडी हेच त्यांचं कव्हर. ओरखडे पडले तर पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन दुसरी बॉडी चढवून आणायची. फोन पडला की मागचं झाकण एका बाजूला, बॅटरी पलंगाखाली आणि उरलेला फोन भलतीकडे. सगळं गोळा करून जोडलं की तो चालू. या विखुरण्यातच त्याची अर्धी सुरक्षितता होती. आपटण्याचा जोर तुकडे सुटण्यात खर्ची पडे, आतल्या भागांपर्यंत कमी पोचे. ११०० तर आपल्याकडची धूळ डोळ्यांपुढे ठेवूनच बनवलेला, बटणांच्या फटीच नाहीत, सबंध रबरी पट्टी. तरीही लोक तो कमरेच्या पाउचमध्ये ठेवत, आणि पावसाळ्यात दुधाच्या पिशवीत. सवयीला औषध नाही.

मग फोनचा दर्शनी भाग म्हणजे नुसती काच झाली. २००७ च्या आयफोनने ही रीत पाडली आणि २०१० च्या आयफोन ४ ने पाठही काचेची केली. त्याच फोनची गंमत म्हणजे तो एका विशिष्ट जागी धरला की सिग्नल पडायचा. तक्रारी वाढल्या तेव्हा कंपनीने गिऱ्हाइकांना फुकट बंपर, म्हणजे कडेने बसणारं कव्हर, देऊ केलं. जगातला सगळ्यात नाजूक नखऱ्याचा फोन आणि त्यावर उतारा रबरी कड्याचा. माझ्या वडिलांना हे कळलं असतं तर ते खूश झाले असते.

ही काच साधी नसते. वितळलेल्या पोटॅशियम क्षाराच्या कढत अंघोळीत तिला बुडवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात. जागा तेवढीच, माणसं जाड, त्यामुळे पृष्ठभाग आतल्या आत दाबला जातो आणि चिरायला सहजी तयार होत नाही. खिशातली नाणी, किल्ल्या तिचं काही बिघडवू शकत नाहीत. वाळू मात्र बिघडवते, कारण वाळूतला क्वार्ट्झ काचेहून कठीण. त्यातही एक मेख आहे. किनाऱ्यावर फिरून आलं की वाळूचे कण कव्हराच्या आत शिरतात आणि तिथेच अडकून फोनची पाठ घासत राहतात. चकाकी टिकवायला लावलेलं कव्हर आतून चकाकी खातं. मी गुहागरहून आल्यावर कव्हर काढलं तेव्हा कॅमेऱ्याभोवती बारीक चरे दिसले.

पडण्याचं गणित मात्र कव्हराच्या बाजूने आहे. दोनशे ग्रॅमचा फोन एक मीटरवरून, म्हणजे साधारण ओट्याच्या उंचीवरून सुटला, तर फरशीला टेकताना त्याचा वेग ताशी १६ किलोमीटर असतो. उघडा फोन एका मिलिमीटरच्या आत थांबला असं धरा, तर कोपऱ्यावर येणारा जोर सुमारे दोनशे किलो वजनाएवढा. दोन मिलिमीटर रबर मध्ये आलं की थांबायला तिप्पट अंतर मिळतं आणि जोर सत्तर किलोच्या आसपास उतरतो. हिशोब ढोबळ आहे, पण दीडशे रुपयांत एवढा फरक दुसरं काही पाडत नाही. डिस्प्ले बदलायचा तर फोनच्या किमतीचा मोठा लचका जातो.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, मी फोन रंग बघून घेतला. तो काळ्या रबरात घालायचा तर रंगाचे पैसे कशाला दिले?” वर तिने मलाच विचारलं, की फोन कंपन्या एकेक मिलिमीटर पातळ करण्यासाठी एवढं डोकं लावतात आणि आपण दोन मिलिमीटर वर चढवतो, यात शहाणं कोण? मला उत्तर सुचलं नाही. बायको म्हणाली, “दोघांचेही फोन माझ्या ओट्यावरून उचला आधी.”

कोपऱ्यावरच्या दुकानात तर हा प्रश्नच नाही. फोन खोक्यातून निघतो न निघतो तोच पोरगा विचारतो, “काका, काच टाकून देऊ? बॅक कव्हर कुठलं दाखवू?” भिंतभर शिवाजी महाराज, विठोबा, क्रिकेटवाले, आणि स्वतःचा फोटो छापून देण्याची सोय. पारदर्शक कव्हरं सर्वात खपाऊ. ती उन्हाने पिवळी पडतात, मग खालचा निळा फोन काविळीचा वाटू लागतो, आणि लोक नवं पारदर्शक कव्हर आणतात.

मी तरी या वादात आता असा तोडगा काढला आहे. पडण्यासाठी कव्हर, नवेपणासाठी नको. बाहेर जाताना कोपरे जाड असलेलं, पडद्याच्या कडेहून जरा वर उठलेलं रबरी कव्हर चढवायचं. घरी चार्जिंगला लावताना काढायचं, कारण बॅटरीला उष्णता सोसत नाही आणि जाड कव्हर ती कोंडून ठेवतं. पाठीवर एखादा ओरखडा पडला तर पडू दे. नवा फोन घेताना जुना दिला तर ओरखड्यांचे थोडे पैसे कापतात, पण वयाचे त्याहून जास्त. बॅटरी काहीशे वेळा भरली-रिकामी झाली की दमते, आणि कंपनीने अपडेट देणं थांबवलं की बँकेची ॲपं एकेक करून रुसतात. अभ्यासक्रम बदलतो, एवढंच. काही कंपन्या आता सात वर्षं अपडेट देण्याचं कबूल करू लागल्या आहेत. ते खरोखर घडलं तर हा फोन भाच्याला देता येईल, आणि तसं असेल तर मी कव्हर अजून मनापासून लावीन.

तोवर आमच्या कपाटाच्या खणात जुने फोन पडून आहेत, सगळे कव्हरासकट, एकावरही ओरखडा नाही. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत त्यातल्या एकाचं कव्हर निघेना. जोर लावून काढलं तर आतली बॅटरी फुगून पाठ उचकटलेली. कव्हराने ती इतके दिवस घट्ट धरून ठेवली होती, म्हणून बाहेरून कुणाला पत्ताच नव्हता. तुमच्याही खणात असे फोन असतील, तर आज कव्हरं काढून बघा. पाठ जराही वर आलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, आणि घंटागाडीतही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच नेऊन द्या.