वैमानिकाचा प्रश्न

२००५. इंग्लंडमध्ये इलेन ब्रॉमिली सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग मोकळा होईना. डॉक्टर अनुभवी होते, पण घशात नळी घालण्याच्याच खटपटीत गुंतले. वेळेचं भान सुटलं.

गळ्याला छेद देऊन श्वास सुरू करण्याचं साहित्य परिचारिकेनं आणलं होतं. काय करायला हवं, हे कळत होतं; पण मोठ्या डॉक्टरांना सांगायचं कसं?

१३ दिवसांनी इलेन गेल्या.

पती मार्टिन वैमानिक. विमान अपघातानंतर ‘कोण चुकलं’पेक्षा ‘का चुकलं’ हे शोधायचं, ही त्यांच्या व्यवसायाची शिस्त. त्यांनी तशीच चौकशी मागितली. २००७ मध्ये ‘क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप’ स्थापन केला. या घटनेवरची चित्रफीत आता वैद्यकीय प्रशिक्षणात दाखवतात.